पाच हिरवे दिवे

निवृत्त माणसाला भेट काय द्यावी, हा घरच्या मंडळींपुढचा मोठाच पेच असतो. शाली साठलेल्या असतात, घड्याळे बंद पडून कपाटात निजलेली असतात आणि ज्ञानेश्वरीच्या तीन प्रती आधीच घरात असतात. माझ्या सत्तरीच्या वेळी आमच्या चिरंजीवांनी हा पेच एका दमात सोडवला. त्यांनी मला विजेवर चालणारी सायकल आणून दिली.

सायकल दारात उभी राहिली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी तिला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि मग अगदी शांतपणे विचारले, "पडायचंच होतं तर साधी सायकल पुरली नसती का ह्यांना?"

मी तिकडे लक्ष दिले नाही. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि त्या काळात कोथरूडहून शिवाजीनगरच्या कचेरीपर्यंत अठ्ठावीस वर्षे सायकल हाणलेला मी माणूस. पुढे गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि सायकल सुटली. ही नवी सायकल म्हणजे माझ्या गुडघ्यांना उशिरा का होईना, पण मंजूर झालेली पेन्शनच होती. मागच्या चाकात मोटार. पायडल मारू लागले की ती आपल्या पाठीला हात लावल्यासारखी पुढे ढकलते. आणि पायांना विश्रांती हवी असेल तर नुसती उजवी मूठ पिळावी. मोटार २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला, म्हणून परवाना नको, नंबराची पाटी नको. हँडलावर पाच हिरवे दिवे. पाचही लागले की बॅटरी भरलेली. आणि खोक्यावर ठळक अक्षरात छापलेले : "एका चार्जिंगमध्ये ४५ किलोमीटर."

छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवायचा, ही आमच्या पिढीची जुनी खोड. तिथेच पहिली चूक झाली.

मला सायकल हवी होती ती एका कामासाठी. माझी थोरली बहीण, आमची अक्का, भूगावला भाच्याकडे राहते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. जन्मभर शाळेत शिकवले आणि यजमानांच्या मागे एकटीने मुलगा वाढवला. आता मुलगा नि सून दोघेही दिवसभर हिंजवडीला कचेरीत. अक्का घरी एकटी. आमच्या घरापासून चांदणी चौकाचा चढ चढून, बावधन ओलांडून भूगाव नऊ-दहा किलोमीटर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तिच्याकडे जायचे, चहा घ्यायचा, पत्त्यांचा एखादा डाव टाकायचा आणि दिवेलागणीच्या आत परतायचे, असा माझा क्रम सुरू झाला.

जाऊन-येऊन वीस. म्हणजे पंचेचाळिसात दोन फेऱ्या बसल्या पाहिजेत. चौथीतल्या मुलाचे हे गणित, पण दुसऱ्या फेरीत परतताना बावधनलाच सायकलीने मान टाकली. बॅटरी संपलेली विजेची सायकल म्हणजे तेवीस किलोंचे रुसलेले वासरू. ओढले तर येते, पण आपल्याला पाहून घेते. मी मनातल्या मनात खोक्यावरचा मजकूर लिहिणाऱ्याला दोन शब्द ऐकवले आणि पुढे प्रत्येक फेरीनंतर चार्जिंग करू लागलो. पण पुरती उतरल्याशिवाय बॅटरी भरायची नाही, हा माझा दुसरा नेम होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या दाढीच्या यंत्राच्या कागदावर तसे लिहिलेले मला चांगले आठवत होते. म्हणून फेरी झाली की उरलेसुरले दिवे विझेपर्यंत मी सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरत असे आणि मगच चार्जर लावत असे. शेजाऱ्यांना वाटे, सत्तरीतही काय व्यायामाची आवड!

मागच्या वर्षी एप्रिलअखेर आम्ही लेकीकडे बंगळूरला गेलो ते दोन महिने तिथेच रमलो. निघण्याच्या आदल्या दिवशी मी मोठ्या जबाबदारीने बॅटरी पार उतरवली, सायकलीतून काढली, पोत्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. वर तापलेला स्लॅब आणि बाहेर पुण्याचा मे महिना. जूनच्या शेवटी परतलो, बॅटरी खाली काढली, रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी पाचही दिवे हिरवेगार. भाजी आणली, वाणसामान आणले, पोस्टात जाऊन आलो. दिवे जागचे हलेनात. मी हिला म्हणालोदेखील, "बघ, विश्रांतीने कशी ताजीतवानी झाली आहे!"

आषाढातली एक दुपार. अक्काचा फोन आला.

"बाळ, मोकळा आहेस का रे?"

"आहे की. का गं?"

"काही नाही. न्हाणीघरात जरा बसलेय. उठता येत नाहीये."

अक्का "जरा" म्हणाली, तरी तिचा आवाज मला साठ वर्षे ओळखीचा आहे. मी उठलो. ही म्हणाली, "अहो, थांबा, रिक्षा बघते." मी म्हणालो, "तू रिक्षा बघेपर्यंत मी चांदणी चौक गाठला असेन." आणि निघालो. हँडलावर पाचही दिवे होते.

कोथरूड डेपो मागे पडला आणि चढ सुरू झाला. समोरून पश्चिमेचा वारा, तोंडावर पावसाचे सपकारे. घाईत मी मूठ शेवटपर्यंत पिळली. पाचांचे तीन झाले. तिनांचा एक झाला. आणि चढाच्या मध्यावर सगळे काही एकदम गप्प झाले. उतरलो. दोन मिनिटांनी बघतो तर पुन्हा तीन दिवे लागलेले! देवाचे नाव घेऊन बसलो, मूठ पिळली. शंभर पावलांवर पुन्हा अंधार. असे तीनदा झाले. चौथ्या खेपेला मी हँडल धरले आणि ढकलू लागलो.

ढकलत असताना शेजारून एक रिक्षा गेली. बाजूच्या पडद्याआड निळे लुगडे, मांडीवर छत्री. आमची नजरानजर झाली. रिक्षा थांबली नाही.

मी भूगावला पोचलो तेव्हा अक्का पलंगावर टेकून बसली होती आणि ही तिच्या मनगटाला बर्फ लावत होती. मला बघताच अक्का म्हणाली, "आधी त्याला बसू दे बाई. केवढी धाप लागलीये!"

रात्री घरी आल्यावर ही म्हणाली, "तुम्हाला राग आला असेल. मी थांबले असते तर तुमचा मान राहिला असता. पण वन्सं तिकडे फरशीवर होत्या, आणि दाराची किल्ली तुम्ही खुंटीलाच विसरून गेला होता." खुंटीवरची किल्ली हिच्या पर्समध्ये होती, हे मला तेव्हा कळले. म्हणजे बॅटरी चालली असती तरी मी बंद दारापुढेच उभा राहिलो असतो.

अक्काच्या मनगटाचे हाड चिरले होते. सहा आठवडे प्लॅस्टर. पण डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट अधिक काळजीची होती. आडवी-बसलेली अक्का उठून उभी राहिली की तिचा रक्तदाब खाली येत होता. तीन महिन्यांपासून तिला घेरी येत होती. तिने कुणाला सांगितले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी बॅटरी पिशवीत घालून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथे एका बोळात बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक पंचविशीचा पोरगा बसतो. "घरी कधी उघडायची नाही हं काका," असे आधी बजावून त्याने ती उघडली. आत विजेरीच्या सेलसारखी चाळीस नळकांडी, प्रत्येक १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चार-चारांचा एक गट, असे दहा गट आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडलेले. पुरता भरलेला गट ४.२ व्होल्ट दाखवतो. दहा मिळून ४२. वापरताना एखादाही गट ठरल्या मर्यादेखाली, ३ व्होल्टच्या आसपास गेला, की आत बसवलेले राखणदार सर्किट सगळा पुरवठा तोडते, कारण त्याखाली सेलला इजा होते. म्हणजे नऊ गट धडधाकट असले तरी गाडी थांबणार ती दहाव्या, अशक्त गटापाशी.

त्याने मीटर लावला. दहाही गट ठीक दिसले. मग त्याने बॅटरीवर भार टाकला. सातवा गट झर्रकन खाली आला. भार काढला, पुन्हा जागेवर.

"काका, ते दिवे आत किती शिल्लक आहे ते मोजत नाहीत," तो म्हणाला. "ते फक्त व्होल्टेज बघतात. गाडी उभी असली की व्होल्टेज छान दिसतं. सपाटीवरही चालून जातं. चढ आला, की खरं कळतं."

मी त्याला माझे दाढीच्या यंत्राचे शास्त्र सांगितले. तो हसला नाही, हे त्याचे सौजन्य. ते शास्त्र खोटे नव्हते. ते निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांचे होते. लिथियम-आयनची जात वेगळी. तिला पुरते उतरवणे सोसत नाही. उतरलेली बॅटरी दोन महिने पडून राहिली, की राखणदार सर्किट आणि सेलची स्वतःची गळती मिळून उरलासुरला साठाही पिऊन टाकतात. सेल फार खाली गेला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि अशी बॅटरी पुन्हा भरणे धोक्याचेही ठरू शकते. मी तिला विश्रांती दिली नव्हती. उपाशी ठेवून भट्टीत टाकली होती.

मग त्याने पाठकोऱ्या बिलावर मला ४५ किलोमीटरचे गणित सोडवून दाखवले. माझी बॅटरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची. गुणाकार केला की ३६० वॅट-तास. हा आपला पाण्याचा हंडा. खोक्यावरचे ४५ खरे व्हायला दर किलोमीटरला ८ वॅट-तासच खर्च व्हायला हवेत. सपाट रस्ता, वारा नाही, हवा भरलेले टायर आणि नेटाने पायडल मारणारा हलका तरुण असेल तर ते होतेही. मी पायडल मारून गेलो तर सपाटीवर दहा-बारा लागतात; नुसती मूठ पिळून बसलो तर वीसच्या घरात जातात. म्हणजे त्याच हंड्यात कधी तीस किलोमीटर, कधी अठरा. माझे वजन ७८, सायकलीचे २३, पिशवीतल्या नारळांचे ५. एवढे ओझे शंभर मीटर उंच नेण्यालाच सुमारे २९ वॅट-तास लागतात. मोटारीतली गळती धरली तर पस्तीस-चाळीस. एका चढाने सपाटीचे तीन-चार किलोमीटर गिळले! वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २५ ऐवजी १८ ने गेले तर तो जवळजवळ निम्मा होतो. "उतारावर परत भरत नाही का हो?" असे हिने मला नंतर विचारले. बहुतेक विजेच्या सायकलींत नाही भरत. चढाला खर्चलेले उतारावर परत मिळेल, या भरवशावर निघू नये.

सातवा गट तेवढा बदलून देतोस का, असे मी विचारले. त्याने मान हलवली. जुन्या नऊ गटांत एक नवा बसवला तर जुन्या-नव्याचा मेळ बसत नाही. नवी बॅटरी घ्यावी लागली. तिला सायकलीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा पडला. जुनी मी कचऱ्यात टाकली नाही. देशात २०२२ साली झालेल्या नियमांनुसार ती परत गोळा करून घेण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्याकडे आहे, म्हणून दुकानातच देऊन आलो.

आता नव्या बॅटरीचे वेळापत्रक आमच्या स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवर आहे. पंचमांश उरण्याच्या आत भरायला लावायची आणि रोजच्या वापराला चार-पंचमांशावर थांबायचे. माझा चार्जर २ अँपिअरचा. रिकामी बॅटरी भरायला त्याला पाच तासांहून अधिक लागतात, म्हणून एक-तृतीयांशापासून अडीच तासांचा गजर लावला की काम होते. महिन्यातून एकदा मात्र ती काठोकाठ भरू द्यायची, म्हणजे आतले सर्किट दहाही गटांना एका पातळीवर आणते. फेरीवरून आले की अर्धा तास तिला निवू द्यायचे. पावसात भिजली असेल तर पुसून, कोरडी करून मगच चार्जर लावायचा. चार्जर तिच्याबरोबर आलेलाच. दुसऱ्याचा, नुसता पिन बसतो म्हणून, नाही. चार्जिंग फरशीवर, बाहेर जाण्याच्या वाटेपासून दूर आणि घरात कुणी जागे असताना. २०२२ साली पुण्यासह देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरांनी पेट घेतला होता, तेव्हापासून हिचा हा हट्ट आहे आणि तो बरोबर आहे. बॅटरी फुगली, आपटून चेपली, विचित्र वास आला किंवा हात लावणार नाही इतकी तापली, तर तिला भरायचे नाही; घराबाहेर मोकळ्यावर ठेवून दुकानदाराला विचारायचे. सायकल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायची नाही. गावाला जाताना बॅटरी निम्मी भरून, सावलीत, कोरड्या जागी ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांनी कुणाला तरी बघायला सांगायचे. आणि आठवड्याला टायरची हवा. या सगळ्याचा वीजखर्च म्हणाल तर पूर्ण भरायला अर्ध्या युनिटाहूनही कमी.

एवढे ज्ञान झाल्यावर ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक दिवस मी हिला म्हणालो, "ही लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली जपानात प्रथम बाजारात आली. ती घडवणाऱ्या तिघांना २०१९ चे नोबेल मिळाले. त्यांतले गुडइनफसाहेब तेव्हा ९७ वर्षांचे होते. वय म्हणजे काही..."

"त्यांनी बॅटरी केली," ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "माळ्यावर टाकली नव्हती."

पण तपकीर गल्लीतले ते एक वाक्य माझ्या मनातून जाईना. उभ्या गाडीला व्होल्टेज छान दिसतं. गेली दोन वर्षे मी दर मंगळवारी नि शुक्रवारी अक्काला काय विचारत होतो? "कशी आहेस?" आणि ती काय सांगत होती? "ठणठणीत." मी पोचेपर्यंत ती खुर्चीत बसलेली असे, चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेवलेला असे, मी निघताना ती जागेवरूनच "सावकाश जा रे" म्हणे. अक्का मला दारापर्यंत सोडायला येईनाशी झाली, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. भाचा सकाळी सातला निघे, रात्री आठला येई. तो फोनवर विचारी, तीही फोनवर सांगे. आम्ही सगळे पाच हिरवे दिवे बघत होतो. ती खोटे बोलत नव्हती. बसलेली असताना ती खरोखरच ठणठणीत असे.

त्या दिवसानंतर पुष्कळ गोष्टी बदलल्या. रक्तदाबाच्या गोळीची मात्रा डॉक्टरांनी कमी केली. झोपून उठताना आधी दोन मिनिटे काठावर बसायचे, मग उभे राहायचे, हे शिकवले. न्हाणीघरात धरायला दांडा बसला. दुपारची एक बाई येऊ लागली. भाच्याने आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतले. आणि मी चहाच्या आधी अक्काला म्हणू लागलो, "चल, एक मजला जिना चढून येऊ." पहिल्यांदा ती रागावली. "मी काय तुझी सायकल आहे?" म्हणाली. पण आली. चौथ्या पायरीवर थांबली, कठडा धरला. मीही थांबलो. मला स्वतःलाही थांबायचे होते, हे मी तिला लगेच सांगितले नाही. पण त्याच आठवड्यात हिच्या आग्रहाने माझीही तपासणी झाली, आणि एक गोळी माझ्याही वाट्याला आली. चढावर लागलेली ती धाप नुसती बॅटरीची नव्हती.

मागच्या भाऊबीजेला भूगावला गेलो तो पायडल मारत, सावकाश, चढाआधी जरा थांबून. ही मागून रिक्षेने आली. किल्ली तिच्याकडेच होती. अक्काचे प्लॅस्टर निघून बरेच दिवस झाले होते. पाट मांडला, रांगोळी काढली, मी टोपी घालून बसलो. अक्काने तबक उचलले. निरांजनाची ज्योत थरथरताना मला दिसली.

"हात दुखतोय का गं?"

"छे! अगदी ठण..." ती म्हणाली आणि थांबली. क्षणभर तिने ज्योतीकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "दुखतोय रे थोडा."

मी तबकाला खालून हात लावला. तिने ओवाळले.